अकरावा

पावणेतीन वाजलेत. धनकवडीत जागी फक्त कुत्री
आणि मी, ओट्याला टेकून.
एका कानात इअरफोन. दुसरा मोकळा ठेवलाय
नळासाठी. या आठवड्यात मोटार लावायची पाळी आमची.

तळहाताएवढ्या स्क्रीनवर पांढरा आयत,
आधीच्यांच्या ओरखड्यांनी भरलेला,
पांढऱ्यावर पांढरं काहीतरी लिहून ठेवल्यासारखा.
मग तो येतो. इल्मारी.
निळा शर्ट तोच, तिसरं वर्ष.
डावी बाही उसवून पुन्हा शिवलीय,
हे जगात अजून कोणाच्या लक्षात आलं असेल?

मी पुण्यात बर्फ पाहिला तो उसाच्या गुऱ्हाळात,
पोत्याखाली, सळईने फोडताना.
घसरले ती एकदाच, पद्मावतीच्या चौकात, स्कूटरसकट,
आणि उठायच्या आधी पाहिलं, कोणी पाहिलं का.
तो पडतो तेव्हा अख्खं स्टेडियम बघत असतं.
तो बाजूला बघत नाही.

ट्रिपल ॲक्सेल. पुढे तोंड करून उडी घ्यायची,
साडेतीन गिरक्या, मागे तोंड करून उतरायचं.
मैथिलीला मी हे परातीत लिंबू फिरवून समजावलंय.
नऊ वर्षं हा साडेतीनातल्या सव्वातीन फिरतो
आणि आपटतो.
पाव गिरकी!
बँकेत आम्ही पाव रुपयासाठी रात्री आठपर्यंत बसलोय,
हिशेब जुळेपर्यंत.
म्हणून मला तो कळतो.

संगीत सुरू. इकडे नळ खरखरला.
आधी हवा येते, मग पाणी. ऊठ, मोटार लाव,
पण लुट्झ झाला, बाहेरच्या कडेवरून, स्वच्छ,
आणि निवेदक त्याला फ्लिप म्हणाला!
अरे मूर्खा, कडा बघ त्याची!
हे मी मोठ्यांदा बोलले बहुतेक.
आतल्या खोलीत सासऱ्यांनी कूस बदलली.

आता कोपऱ्यातून येईल. ते लांबलचक वळण.
खांदे जरा आधीच फिरतात त्याचे,
मला धनकवडीतून दिसतं, कोचला दिसू नये?
मी ओट्याची कडा धरते. गुडघे माझे वाकतात.
आणि तो

डबल.
एक गिरकी कमी. मोजूनमापून, टिचकी वाजवावी तसा.
उतरला, हात पसरले, हसलासुद्धा.

टाळ्या. निवेदक म्हणतो, शहाणपणाचा निर्णय.
मी म्हणते, हॅट्.
यासाठी जागले होय मी?
नऊ वर्षं तू आपटलास आणि नऊ वर्षं मी
ओढणीचं टोक दातात धरून म्हटलं,
ऊठ रे बाळा, ऊठ, अजून दोन उड्या आहेत, स्पिन आहे.
आज उठायचंच नव्हतं काही.
मला काही कामच ठेवलं नाहीस.

मग तो बाकावर येऊन बसला, कोचशेजारी,
टिश्यूचा डबा न उघडता मांडीवर.
गुण आले. अकरावा.
स्टेशनवरच्या वजनकाट्याचं कार्ड बघावं
तसा त्याने आकडा पाहिला
आणि वाकून नाडी सोडायला लागला.
कॅमेरा पुढच्या मुलाकडे वळला,
पण वळता वळता मला दिसलं:
उजवा घोटा बुटातून काढायला
दोन्ही हात लागले त्याला.

नळ कधी गेला, कळलं नाही.

सकाळी हेंद्रेकाकू दारात, रिकामी बादली घेऊन,
पुरावा म्हणून.
"अहो, तीन मजले कोरडे! झोप लागली का?"
नाही, म्हटलं, जागीच होते.
माझे डोळे बघून त्यांचा आवाज उतरला.
"कोणी गेलं का हो?"
नाही. अकरावा आला.
"बोर्डात? मग रडताय काय, पेढे काढा!"
म्हणाल्या,
आणि बादली दारातच विसरून गेल्या.